सूक्ष्मदर्शीखाली अभिस्तर ऊतींचे प्रकार कसे ओळखावेत

अभिस्तर म्हणजे शरीराचा बाह्य पृष्ठभाग आणि पोकळ अवयवांची आतली बाजू झाकणारा पेशींचा थर. त्याची स्लाइड समोर आली की पेशींचा आकार पाहण्याची घाई होते. परंतु हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या नेहमीच्या रंगांत पेशींच्या कडा बहुधा अस्पष्ट राहतात, म्हणून भिस्त जांभळ्या केंद्रकांवर ठेवावी.

प्रथम ४ पटीच्या भिंगाखाली मोकळा पृष्ठभाग, म्हणजे रिकाम्या जागेला लागून असलेली कड, शोधावा. त्याच्या काठाने दाटीवाटीने बसलेल्या पेशींची सलग पट्टी म्हणजे अभिस्तर, आणि तिच्याखालची विरळ, गुलाबी तंतूंची जागा म्हणजे संयोजी ऊती. ही सीमा निश्चित झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग १० पटीच्या भिंगाखाली थर मोजावेत. थर एकच असेल तर ४० पटीला केंद्रके पाहावीत. फुप्फुसाच्या वायुकोशांप्रमाणे ती चपटी असल्यास अभिस्तर पट्टकी, वृक्कनलिकांप्रमाणे (मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्यांप्रमाणे) गोल व मध्यभागी असल्यास घनाभरूप आणि लहान आतड्याप्रमाणे लांबट व तळाकडे असल्यास स्तंभीय. आतड्यात या पेशींच्या मधूनमधून पांढुरक्या, रिकाम्या भासणाऱ्या चषकपेशी दिसतात. त्यांतील श्लेष्म या रंगांत फारसे रंगत नाही, इतकेच.

थर अनेक असतील तर नाव सर्वांत वरच्या थरावरून द्यावे. अन्ननलिकेच्या अभिस्तराचा तळचा थर घनाभ किंवा स्तंभाकार पेशींचा असतो, तरी वरच्या पेशी चपट्या असल्याने तो स्तरित पट्टकीच ठरतो. माणसाच्या अन्ननलिकेत पृष्ठभागापर्यंत केंद्रके दिसतात. त्वचेत मात्र वर केंद्रकविरहित, गुलाबी केराटिनचे (एका कठीण प्रथिनाचे) पापुद्रे असतात. मूत्राशयाचा अभिस्तर वेगळाच: वरच्या पेशी मोठ्या, घुमटाकार आणि कधीकधी दोन केंद्रकांच्या.

खरी परीक्षा श्वासनलिकेची. तेथे केंद्रके वेगवेगळ्या उंचीवर असल्याने थर अनेक वाटतात, पण प्रत्येक पेशी तळाला टेकलेली असते. मोकळ्या पृष्ठभागावर बारीक केसांसारखे रोमक आणि जोडीला चषकपेशी दिसल्या, तर हा आभासी स्तरित अभिस्तर समजावा.

छेद तिरका गेला असेल तर एकथरी अभिस्तरही बहुथरी भासतो. अशा वेळी त्या ठिकाणी डोके खपवू नये. स्लाइड सरकवून, पेशी तळापासून टोकापर्यंत सरळ उभ्या कापलेल्या दिसतील तेथेच थर मोजावेत.