सर्व्हिस डिझाइन करताना या चुका टाळा: "आम्ही फक्त फ्लो बनवतो" म्हणून हात झटकू नका

सगळ्यात कॉमन चूक हीच, की पॉलिटिक्स, म्हणजे कोणाचा फायदा आणि कोणावर भार, हा आपला विषय नाही, आपण फक्त फ्लो, म्हणजे सेवा घेताना लागणाऱ्या पायऱ्यांचा क्रम, सोपा करतो. अहो पण सोपा कोणासाठी? एका प्रोजेक्टमध्ये आम्ही फॉर्म ऑनलाइन केला, रांग गेली, सगळे खूश. नंतर कळलं की काउंटरवरच्या मॅडमनी एक वही ठेवलीय, सिस्टिममध्ये न बसणाऱ्या केसेस त्यात लिहायच्या आणि रोज घरी निघायच्या आधी एकेकाला फोन करून मिटवायच्या. म्हणजे काम कमी झालंच नव्हतं, आमच्या नजरेआड गेलं होतं. १९८४ मध्ये लिन शोस्टॅक यांनी सर्व्हिस ब्लूप्रिंट, म्हणजे सेवेचा टप्प्याटप्प्याचा नकाशा, मांडली त्यातच ही रेषा आहे, वर ग्राहकाला दिसतं ते, खाली न दिसणारं. आपण वरचं चकचकीत करतो नि खाली ढकलत राहतो. म्हणून जिथे "वेळ वाचला" लिहाल तिथे शेजारी "कोणाचा गेला?" हाही कॉलम टाका.

दुसरं म्हणजे को-डिझाइन वर्कशॉपचं, म्हणजे सेवा वापरणाऱ्या आणि देणाऱ्या लोकांना सोबत बसवून डिझाइन करायचं, नाटक. निर्णय आधीच झालेला, भिंतभर स्टिकी नोट्स, आणि साहेब त्याच खोलीत बसलेले, मग खालचा माणूस बोलणार काय कप्पाळ! शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात नुसतं मत विचारणं हे दिखाऊ सहभागातच मोडतं. वर्कशॉपआधी क्लायंटकडून लिहून घ्या, यातून नक्की काय बदलू शकतं. काहीच बदलणार नसेल तर लोकांचा दिवस खाऊ नका.

साइन-अप एका क्लिकवर आणि बंद करायला सात स्क्रीन, यावर वेगळं काय बोलायचं, करू नका एवढंच.

आणि ज्यावर कोणी वेळच देत नाही ती गोष्ट, रिजेक्ट. आडनाव कंपल्सरी ठेवलं की ज्याला आडनावच नाही तो टिंब टाकतो, मग ते कागदपत्रांशी जुळत नाही आणि अर्ज बाद. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या भत्त्यात एखादी सही राहिली एवढ्यावरून पालकांना फ्रॉड ठरवून हजारो युरो परत मागितले गेले, जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला, पण तोवर कित्येक घरं कर्जात बुडाली होती. त्यामुळे प्रत्येक रिजेक्ट स्क्रीनवर कारण साध्या भाषेत द्या आणि एका माणसाचा नंबर द्या, ज्याला निर्णय फिरवायचा अधिकार आहे असा. नुसता फोन उचलणारा नको, नाहीतर परत ती वही आलीच.