संथ लाइनवर सर्व्हर सांभाळताना: समोरचा पडदा शिळा असतो

एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) आत शिरता येतं, हे धरून चालतो. 9600 बिट प्रतिसेकंदाच्या लाइनवर 80 बाय 24 चा भरलेला पडदा, म्हणजे 1920 अक्षरं, उतरायला किमान 1.6 सेकंद लागतात. टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) दर 3 सेकंदांनी पडदा ताजा करतं. म्हणजे अर्धी लाइन त्यानेच खाल्ली. टॉपमध्येच डी दाबून हे अंतर 30 सेकंद करा. मोठ्या लॉगवर कॅट (अख्खी फाइल पडद्यावर ओतणारी कमांड) चालवू नका, टेलने शेवटच्या 20 ओळी मागवा. कॅट सुटलंच, तर कंट्रोल-सी दाबल्यावरही वाटेला लागलेली अक्षरं येतच राहतात.

आता खरा सापळा. पडदा गोठला की हात शिवशिवतात. एन्टर, पुन्हा एन्टर, मग वैतागून वाय. थांबा! दाबलेलं काहीच हरवत नाही, रांगेत उभं राहतं. लाइन मोकळी झाली की सगळं एकदम पोचतं, आणि तोवर तिकडे ‘फाइल काढून टाकू का?’ असा प्रश्न आलेला असेल, तर तो वाय त्याचंच उत्तर ठरतो. तुम्हाला दिसतंय ते मघाचं आहे, सर्व्हर पुढे गेलाय. चुकून कंट्रोल-एस (पडदा थांबवणारी कळ) दाबलं गेलं असेल तर कंट्रोल-क्यूने पडदा सुटतो. तरीही हालचाल नसेल तर मिनिटभर हात मांडीवर. जोडणी मेलीच असेल, तर एन्टर, टिल्ड (~), टिंब (.) याच क्रमाने. क्लायंट (तुमच्या मशीनवरचा एसएसएच प्रोग्राम) आपल्या बाजूनेच बंद होतो.

लाइन तुटेल, तुटू दे. काम टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर सत्र चालू ठेवणारा प्रोग्राम) असेल तर काही बिघडत नाही, परत येऊन अटॅच करायचं. टीमक्सशिवाय पॅकेज अपग्रेड सुरू करणं मात्र निव्वळ बेफिकिरी: हँगअप सिग्नल (लाइन तुटल्याची खूण) आला की ते अर्ध्यात मरू शकतं.

‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 15 टाक, प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्या सीनियरने बहुधा अशी लाइन पाहिलेली नसते. ही एसएसएचची सेटिंग दर इतक्या सेकंदांनी सर्व्हरला हाक मारते; अनुत्तरित हाकांची मर्यादा, काउंटमॅक्स, मुळात 3 असते, म्हणजे साधारण 45 सेकंद उत्तर आलं नाही की क्लायंट जिवंत जोडणीही स्वतःच तोडतो. इंटरव्हल 60 ठेवा.

मॉश (एसएसएचला पर्याय) चांगलं आहे, अक्षर लगेच उमटवून दाखवतं. पण ते सर्व्हरवरही बसवावं लागतं, यूडीपीचे 60000 ते 61000 पोर्ट लागतात आणि मागचा मजकूर वर सरकवून दिसत नाही. म्हणून आत टीमक्स हवंच. फाइल पाठवताना आरसिंकला (कॉपीची कमांड) पार्शल (अर्धवट कॉपी जपणारा पर्याय) आणि बँडविड्थ-मर्यादा दोन्ही लावा, नाहीतर तुमचीच कॉपी तुमच्या टायपिंगच्या पुढे रांगेत उभी राहते.