पूर्ण भविष्यकाळ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतील पूर्ण भविष्यकाळाची रचना अवघड नाही: कर्ता कोणताही असो, ‘विल हॅव’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. तरीही येथे हमखास चुका होतात, आणि माझ्या मते त्यांपैकी बऱ्याच चुकांचे मूळ ‘पर्यंत’ आणि ‘असेल’ या आपल्याच दोन शब्दांत आहे.

‘पर्यंत’ मराठीत दोन कामे करतो. ‘मी सोमवारपर्यंत काम करीन’ या वाक्यात काम सोमवार येईतो चालूच राहते, तर ‘सोमवारपर्यंत माझे काम झालेले असेल’ या वाक्यात ते त्याआधीच केव्हातरी संपते. इंग्रजी पहिल्या अर्थासाठी ‘टिल’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’ वापरते. म्हणून ‘आय विल हॅव फिनिश्ड द वर्क टिल मंडे’ हे वाक्य चुकते, तेथे ‘बाय मंडे’ हवे. शंका आल्यास ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे: अर्थ टिकला तर ‘बाय’, बिघडला तर ‘टिल’.

‘असेल’ दिसताच ‘विल बी’ लिहिण्याची सवयही अशीच घात करते. ‘ती आतापर्यंत पोहोचली असेल’ याचे इंग्रजी ‘शी विल हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ’ असे होते, ‘शी विल बी अराइव्ह्ड’ असे नव्हे. (हे वाक्य खरे तर भविष्याविषयी नाही, तो घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज आहे, आणि त्यासाठी दोन्ही भाषा भविष्यकाळाचेच रूप वापरतात, हे मला फार सुंदर वाटते.) कर्ता ‘शी’ असला तरी ‘विल’नंतर ‘हॅज’ कधीही येत नाही.

‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘बाय द टाइम’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या, वेळ सांगणाऱ्या गौण वाक्यात ‘विल’ घालू नये. ‘वाचून झाले की पुस्तक परत करीन’ हे ‘आय विल रिटर्न द बुक व्हेन आय हॅव रेड इट’ असे लिहावे. त्याचप्रमाणे ‘बाय द टाइम यू अराइव्ह, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’ या वाक्यात पूर्ण भविष्यकाळ फक्त मुख्य वाक्यात आहे.

नेमकी वेळ सांगताना मात्र हा काळ टाळावा. गाडी पाचलाच सुटणार असेल, तर ‘द ट्रेन विल लीव्ह अ‍ॅट फाइव्ह’ म्हणावे. ‘विल हॅव लेफ्ट बाय फाइव्ह’ म्हटल्यास, पाच वाजता फलाटावर गाडी नसेल, असा अर्थ होतो.