अभयारण्यात निवांत सायकल फिरवायची तर आधी वारा बघा, मग भरती

बंदराच्या शहराला लागून अभयारण्य म्हटलं की बऱ्याच जणांना नवल वाटतं, एवढ्या क्रेन, एवढी जहाजं आणि तिथंच पाणपक्षी कसे काय. पण कारण एकच आहे. नदी समुद्राला मिळते तिथं लाटांपासून आडोसा मिळतो म्हणून जहाजं तिथं लागतात, आणि नदीने आणलेला गाळही तिथंच बसतो, त्यात किडे, शिंपल्या, खेकडे भरपूर असतात म्हणून पक्षीही तिथंच उतरतात. ब्यूनोस आयर्सचं कोस्टानेरा सूर बघा, पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा टाकून नदीत भराव केला, काम मध्येच थांबलं, त्यावर आपोआप गवत आणि झाडं उगवली, पक्षी आले, आणि १९८६ साली ती जागा राखीव झाली. आज लोक तिथं सायकल घेऊन फिरतात. तर अशा जागी सायकलवर दिवस कसा घालवायचा ते सांगतो, आणि पहिलीच गोष्ट म्हणजे किलोमीटर मोजायचे नाहीत.

खरंच सांगतो, मोजू नका. रस्त्यावर तासाला २० किमी सहज जाणारा माणूस अभयारण्यात १० ते १२ ने जायला हवा, आणि त्यात थांबणं धरलं की तासाला ६ किमी सुद्धा पुष्कळ झाले. म्हणजे चार तास हातात असतील तर २५ किमीचा फेरा ठरवा, त्यापेक्षा जास्त नको. जास्त ठरवला की शेवटच्या टप्प्यात घड्याळाकडे बघत पेडल मारणं सुरू होतं आणि मग तुम्ही कुठूनही गेलात तरी सारखंच.

आता वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो आपण सगळे, ते इथं अगदी अंगाला कळतात. जमीन लवकर तापते, समुद्र हळू तापतो, त्यामुळे ऊन चढलं की वारा समुद्राकडून जमिनीकडे सुटतो आणि दुपारी तो सगळ्यात जोरात असतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना समुद्राच्या दिशेने जायचं आणि दुपारी तोच वारा पाठीशी घेऊन परत यायचं. मी एकदा नेमकं उलटं केलं, दुपारी पाठीवर वारा घेऊन झकास आत गेलो, आणि परत येताना उघड्या बांधावर, एक झाड नाही आडोशाला, जाताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला आणि सूर्य खाली यायला लागला तेव्हा पोटात गोळा आला. हिशोब सोपा आहे, तुम्ही १२ च्या वेगाने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे तर अंगावर ३२ चा वारा येतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे वारा पडलेला असताना लागतो त्याच्या सातपट. हलकी सायकल घेऊन तो कमी होत नाही. मोसमी वारे किंवा वादळी हवा असेल तर हा खाऱ्या वाऱ्याचा नियम चालत नाही, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा तासातासाने बघून ठेवा.

भरती-ओहोटीचं तेवढंच महत्त्वाचं, आणि हे सायकलवाले सहसा बघतच नाहीत. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे आजची सकाळची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पूर्ण ओहोटीला गेलात तर समोर नुसता चिखल आणि पक्षी लांब पाण्याच्या काठाशी ठिपक्यांसारखे दिसणार. भरतीच्या दीडदोन तास आधी पोचा. पाणी चढायला लागतं तसा चिखल कमी कमी होत जातो आणि सगळे पक्षी चरत चरत तुमच्याकडे सरकतात, तुम्ही फक्त एका जागी बसून राहायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा हा खेळ सगळ्यात छान दिसतो, पण त्याच दिवसांत सखल वाटा पाण्याखाली जाऊ शकतात, म्हणून जी वाट खाडीच्या पातळीला आहे तिच्यावरून परतायची वेळ आधीच ठरवा. भूमध्य किंवा बाल्टिकसारख्या समुद्रावर असाल तर भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, तिथं फक्त वारा आणि उजेड बघा.

पक्ष्यांजवळ कसं वागायचं यावर थोडं जास्त लिहितो कारण मला हे फार मनापासून वाटतं. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघून कुठंही न थांबता प्रशांत महासागर ओलांडतो. २०२२ मध्ये अशाच एका पिल्लाने, वय जेमतेम पाच महिने, टास्मानियापर्यंत १३,५६० किमी एका दमात कापले, ११ दिवस, मध्ये खाणं नाही पाणी नाही. असे पक्षी दलदलीत उतरतात ते अंगावर चरबी चढवायला, आणि त्यांना आपण दर अर्ध्या तासाने उडवलं तर खाल्लेलं तिथंच खर्च होतं. माझा अनुभव असा की एका लयीत, आवाज न करता जाणारी सायकल ते सहन करतात, पण ब्रेकचा कर्कश आवाज आला किंवा माणूस एकदम खाली उतरला की अख्खा थवा उठतो. म्हणून बघायचं असेल तर बरंच अलीकडे वेग कमी करा, झुडपाच्या किंवा वळणाच्या आड थांबा, सायकल हळूच आडवी ठेवा, मग दुर्बीण काढा. पक्षी चरायचे थांबले आणि माना वर झाल्या की समजायचं आपण जास्त जवळ आलो, तिथूनच मागे. भरतीला दाटीने बसलेल्या थव्याजवळ तर जाऊच नका, त्यांना दुसरीकडे बसायला जागा उरलेली नसते.

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिमीचं. १० पटीची जास्त भारी वाटते पण पेडल मारून आल्यावर छाती धपापत असते, हात हलतो, आणि १० पटीत ते हलणंही तेवढंच मोठं दिसतं.

सायकल कुठलीही चालेल, खरंच कुठलीही, फक्त टायर ३५ ते ४५ मिमी रुंद असावेत. आणि हवा ठासून भरू नका. बहुतेक जण टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरतात आणि मग खडीवर हात बधिर होतात. ७० किलोच्या माणसाला ४० मिमीच्या टायरमध्ये ४० ते ५० पीएसआय पुरते, सामान असेल तर मागच्या टायरमध्ये थोडी जास्त, टायरवरच्या किमान आकड्याच्या खाली मात्र जायचं नाही, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेपते आणि एकदम दोन भोकं पडतात. सीट नेहमीपेक्षा बोटभर खाली घ्या म्हणजे कुठंही थांबलं की पाय जमिनीला टेकतो. वाळूचा पट्टा आला तर आधीच हलका गिअर टाका, वजन मागे, हँडल सैल धरा, पेडल थांबवू नका आणि पुढचा ब्रेक अजिबात दाबू नका. दलदलीवरचे लाकडी पूल दव पडलेलं असताना साबणासारखे निसरडे होतात, तिथं सरळ उतरून चाला.

सामान पाठीवर नको, कॅरियरला लटकवा, पाठीला घाम आला की दिवसभर अंग चिकचिकतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, आत भरून मिळेल असं गृहीत धरू नका. गार वाऱ्यात ऊन लागतंय हे कळतच नाही आणि पाण्यावरून परतणारं ऊन खालूनही भाजतं, त्यामुळे मानेला, कानांना आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन लावा. डोळ्यांना साधा चष्मा असू द्या, संध्याकाळी चिलटं थेट डोळ्यात जातात. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, पंप, बस.

शहरातून अभयारण्यापर्यंतचा बंदराचा रस्ता हा सगळ्या दिवसातला खरा धोक्याचा भाग आहे. जमत असेल तर तेवढं अंतर लोकल, फेरीबोट, काहीही करून टाळा. नाहीच टळलं तर ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर वळत असेल तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला कधीही थांबू नका, पुढची चाकं लांबून जातात पण मागची कोपरा कापत आत येतात. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. आणि बंदरात रस्त्यातच मालगाडीचे रूळ असतात, ते काटकोनात ओलांडा, तिरके गेलात की चाक खाचेत अडकतं आणि माणूस पडतो, मागून ट्रेलर येतोय.

गेटवर जायच्या आधी वेळ आणि परवानगी बघून घ्या. विणीच्या हंगामात काही वाटा बंद असतात, काही ठिकाणी ई-बाईक मोटारगाडीत धरतात, ड्रोन बहुतेक कुठंच चालत नाही. स्पीकर तर नकोच, हे लिहावं लागू नये पण लागतं.

आणि घरी आल्यावर सायकल तशीच भिंतीला टेकवून झोपू नका. खारी हवा आणि खारा चिखल चेन एका रात्रीत तांबूस करून ठेवतात. गोड्या पाण्याने साधी धुवा, जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढतो. ब्रेकच्या रबरात रुतलेले वाळूचे कण टाचणीने काढा, नाहीतर ते रिम खातात. टायरच्या खाचांतला चिखल तिथंच गेटजवळ काढता आला तर उत्तम, त्यात गवताचं बी असतं आणि ते तुमच्यासोबत पुढच्या जंगलात जातं. मग चेन फडक्यात धरून पेडल उलटं फिरवत कोरडी करा, प्रत्येक कडीवर ऑइलचा एकच थेंब, दहा मिनिटं मुरू द्या आणि वरचं सगळं ऑइल पुसून टाका, ऑइल कडीच्या आत हवं, बाहेर राहिलं की वाळू धरून ठेवतं.