मुंब्रा देवीच्या डोंगरावरून ट्रेन बघायच्या असतील तर

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी स्लो लोकल पकडा आणि मुंब्र्याला उतरा, फास्ट इथे थांबेलच असं नाही. डोंगर स्टेशनवरूनच दिसतो, मुंब्रा देवीच्या पायऱ्या कुठे हे कोणीही सांगेल. पायऱ्या दमवतात बरं का, त्यामुळे पाणी घ्याच, आणि चपलेऐवजी बूट घालून या.

सकाळी लवकर जा. तेव्हा खालची लाईन नि खाडी स्वच्छ दिसते.

वर बसलात की एक गंमत लक्षात येते, सगळ्याच गाड्या डोंगराला वळसा घालून येत नाहीत, काही डोंगराच्या पोटातून जातात. तो पारसिक बोगदा, 1916 चा, साधारण 1.3 किलोमीटर लांब, तेव्हा वळसा वाचवायला खोदलेला. त्यात भर म्हणजे 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू झाली, म्हणून रूळ मोजायला गेलात तर डोकं गरगरेल 😄 एखादी ठराविक एक्सप्रेस हवी असेल तर मोबाईलवर लाईव्ह लोकेशन बघत राहा, लेट तर असतेच.

नवरात्रात मात्र नको, भाविकांची तुफान गर्दी असते. पावसाळ्यात डोंगर हिरवागार, पण पायऱ्या निसरड्या, आणि धबधब्याच्या नादात आडवाटेला शिरू नका, लोक रस्ता चुकतात. आणि रुळांवर उतरून रील बिल अजिबात नाही, रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं.