ग्रंथालयातील व्याख्याने आणि लेखकभेटी : या चुका टाळा

विदर्भाच्या ग्रामीण भागातील विद्यापीठ ग्रंथालये व्याख्याने ठेवतात, लेखकांना बोलावतात, हे काम मला फार मोलाचे वाटते. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन मोठे, जंगलाने व्यापलेले जिल्हे येतात. तिथल्या आतल्या गावातून शिकायला येणाऱ्या मुलाला आपण वाचलेल्या पुस्तकाचा लेखक प्रत्यक्ष भेटण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणूनच असे कार्यक्रम पुन्हा पुन्हा त्याच चुकांपायी वाया जाताना पाहिले की मन खट्टू होते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मंचावरच्यांच्या सोयीने वेळ ठरवणे आणि श्रोत्याच्या शेवटच्या गाडीचा विचारच न करणे. एका ग्रंथालयात दुपारी तीनचे व्याख्यान होते आणि सभागृह वेळेआधी भरले होते. उद्घाटक पावणेचारला आले. त्यानंतर दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, मंचावरील प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेणारे प्रास्ताविक आणि दोन पाने भरून लिहिलेला परिचय असे सगळे यथासांग पार पडले. कापूस पिकवणाऱ्या घराविषयी कादंबरी लिहिणारे ते लेखक बोलायला उभे राहिले तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि बऱ्याच गावांकडे जाणारी शेवटची एसटी पाचची होती. मागच्या रांगांतील मुली एकेक करून उठू लागल्या. त्यांपैकी एकीने प्रश्न वहीत लिहून आणला होता. त्या पानात बोट ठेवूनच ती दारापर्यंत गेली, तिथे थोडी थांबली आणि निघून गेली. लेखकांनीही ते पाहिले आणि भाषण आवरते घेतले. त्यानंतर चहाच्या वेळी आयोजकांपैकी एकाने आजच्या पिढीला वाचनाची गोडी राहिली नाही असे म्हटले, तेव्हा मला राहवले नाही. मुलांना गोडी होती म्हणूनच तर ती दीड तास मुकाट्याने बसली होती.

तारीख ठरवण्याआधी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर जाऊन कोणत्या मार्गाची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे लिहून आणावे, असा माझा परिपाठ आहे. त्या वेळेतून चालत स्थानकावर पोहोचायचा वेळ, प्रश्नोत्तरे आणि व्याख्यान वजा केले की सुरुवातीची वेळ आपोआप निघते. सत्कार एकच असावा, तो पाहुण्या लेखकाचा असावा आणि व्याख्यानानंतर व्हावा. परिचय पाच वाक्यांत संपवावा. उद्घाटकांना उशीर झाला तर एखाद्या विद्यार्थ्याकडून लेखकाच्या पुस्तकातील उतारा वाचून घ्यावा आणि लेखकाला वेळेवर बोलू द्यावे. उशिरा आलेल्या मान्यवरांना त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही, आणि कोणाला वाटलाच तर तो ग्रंथालयाने सोसावा.

हंगामाचाही विचार व्हायला हवा. सोयाबीन काढणी, धानकापणी किंवा कापूस वेचणी ऐन भरात असताना शेतकरी घरातली मुले शेतावर असतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा मोसम सुरू होतो. गावात नाटक असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यान ठेवून उपस्थितीची अपेक्षा धरू नये.

दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण ती ग्रंथालयाच्या मूळ कामाशीच प्रतारणा आहे. लेखक मंचावर असतो आणि त्याचे एकही पुस्तक देवघेवीसाठी उपलब्ध नसते. ज्यांच्या जन्मदिनानिमित्त आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा करतो, त्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगितले आहे. व्याख्यान ऐकून उठलेला विद्यार्थी त्या क्षणी वाचनाच्या सगळ्यांत जवळ आलेला असतो, आणि त्याला आपण ‘पुस्तक मागवले आहे’ एवढेच सांगतो. शिफारस, दरपत्रके, खरेदी समितीची मंजुरी, दाखलनोंद आणि वर्गीकरण यांना वेळ लागतो, हे ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही आठवडाभर आधी लेखकाला होकार कळवून कार्यक्रम उरकण्याची घाई होते. नवे उत्साही सहकारी तर निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर पुस्तकांची चौकशी करतात. मी पुस्तके दाखलनोंदवहीत चढल्याशिवाय तारीख पक्की करत नाही. दोन-तीन प्रती महिनाभर आधीच फिरू द्याव्यात आणि उरलेल्या त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवून तिथेच वाचकांच्या नावे द्याव्यात. प्रती कमी पडल्या तर मागणीची यादी करावी आणि पुस्तक परत आले की पुढच्या वाचकाला निरोप धाडावा. हे केले की प्रश्नोत्तरांचाही दर्जा बदलतो. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कशी मिळाली’ या ठरावीक प्रश्नाऐवजी अमुक पात्राने गाव का सोडले, असे विचारले जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वीज जाणार हे धरूनच चालावे. ध्वनिक्षेपक इन्व्हर्टरवर चालतो का हे आदल्या दिवशी पाहावे, आणि चाळीस श्रोते असतील तर मोठ्या सभागृहाऐवजी वाचनकक्षात बसावे, म्हणजे ध्वनिक्षेपकाशिवायही भागते. गर्दी दिसावी म्हणून तासिका सोडवून वर्गच्या वर्ग आणून बसवू नयेत. पहिला प्रश्न प्राध्यापकांना विचारू देऊ नये, कारण तो बहुधा दुसरे भाषण ठरतो आणि मुले गप्प होतात. लाजणाऱ्या मुलांसाठी चिठ्ठ्यांची सोय ठेवावी. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात दुपारचा कार्यक्रम मुळीच ठेवू नये.

ध्वनिचित्रमुद्रण करून ते परस्पर प्रसारित करण्याची सवयही सोडली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारी व्यक्ती असते, त्यामुळे लेखी संमती निमंत्रणासोबतच मागावी. त्याच पत्रात मानधनाचा आणि प्रवासखर्चाचा आकडा स्पष्ट लिहावा, आणि ती रक्कम लेखक परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी; देयक मंजूर झाल्यावर कळवतो, असे सांगून पाठवलेल्या लेखकाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचे तर कोणत्या तोंडाने बोलवणार?