बचत गट आणि बँकेचं लोन : या चुका टाळा, परत परत सांगतेय

बरीच वर्षं झाली, बीडकडच्या डोंगरपट्ट्यात गटांच्या वह्या तपासायचं काम करतेय आणि दरवर्षी त्याच त्याच चुका बघून जीव मेटाकुटीला येतो. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेनं, गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू केलं 1992 ला, त्यानंतर माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट झाले, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आलं, गावोगाव गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई फिरतात, तरी नवीन गट बसला की पहिल्याच मीटिंगला प्रश्न येतो, "मॅडम लोन कधी भेटणार?" अगं आधी तुमचे स्वतःचे पैसे तर फिरवा!

ही पहिली चूक. 12 बाया, महिन्याला 100 रुपये, सहा महिन्यांत 7,200 जमतात आणि ते तसेच खात्यात पडून राहतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की बॅलन्स दिसला की साहेब खुश होतात. इकडे त्याच गटातली बाई लेकराच्या दवाखान्यासाठी सावकाराकडून महिन्याला शेकडा पाचनं पैसे उचलते. बँकवाला बॅलन्स नाही बघत, पैसा आत किती वेळा फिरला आणि परत आला का ते बघतो. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ असते, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, पण तिसरं सूत्र कुणी पाळत नाही. माझी सवय सांगते, बचत गोळा झाली की त्याच बैठकीत विचारायचं, कुणाला गरज आहे? 500 का असेना, द्या. पेटीत रक्कम घेऊन घरी जाऊच नका.

आता माझा सगळ्यात जास्त संताप होतो ती गोष्ट. एका रात्रीत लिहिलेल्या वह्या.

आमच्याकडं एका तांड्यावरचा गट होता, बाया चांगल्या, बचत खरी, परतफेड खरी. पण वह्या लिहायचा कंटाळा, आणि ग्रेडिंगला, म्हणजे लोनआधी गट तपासायला, बँकेचे साहेब येणार कळल्यावर सचिवबाईच्या पुतण्यानं आदल्या रात्री बसून सगळं वर्षभराचं इतिवृत्त लिहून काढलं. एकच निळा पेन, एकच अक्षर, प्रत्येक मीटिंगला 12 पैकी 12 हजर, सह्या-अंगठे सकट. साहेबांनी वही चाळली, डिसेंबरच्या पानावर थांबले आणि समोर बसलेल्या एका बाईला सहज विचारलं, "तुम्ही होतात का या मीटिंगला?" ती बिचारी खरं बोलली, "न्हाई साहेब, मी कोयत्यावर होते, कारखान्याला." मग दुसरी, मग तिसरी. 12 तल्या सात बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या आणि वहीत सगळ्या तांड्यावर हजर! साहेबांनी वही मिटली. त्यांना दोष नाही देत मी, खोटी वही बघून कोण सही करणार. लोन अडकलं, आणि पुढच्या हंगामाला त्यातल्या तिघींच्या घरी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आधीपेक्षा मोठी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतली गेली. जी उचल टाळायला गट काढला होता तीच! बचत खरी असून खोट्या कागदानं घालवलं.

अहो, गैरहजर लिहायला लाज कसली? सात बाया स्थलांतरित, पाच हजर, बचत फोनवरून पाठवली किंवा आल्यावर एकदम भरणार असा ठराव झाला, असं लिहा ना. अशी गैरहजेरी मांडलेली वही मी स्वतः ग्रेडिंगला पास झालेली बघितली आहे. माझा नियम एकच, बैठक उठायच्या आधी वही पूर्ण, मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मगच सह्या. "आमच्या बायांना लिहिता येत नाही" हे कारण मला सांगूच नका. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचं लायसन्स रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारलं होतं, अंगठेबहाद्दर बाया आहेत म्हणून. बाया मुंबईला गेल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवला आणि 1997 ला बँक उभी राहिली. हिशोब बायांना येतो, लिहायला एक मुलगी शोधा.

व्याजाचं पण सांगते. 10,000 कर्ज, महिन्याला शेकडा दोन, दहा मासिक हप्ते. पूर्ण रकमेवर व्याज धरलं तर 2,000 होतात, उरलेल्या मुद्दलावर धरलं तर 1,100. कित्येक गट पहिल्या पद्धतीनं घेतात आणि बाईला कळतही नाही. ठरावात पद्धत लिहा.

लोन आलं की समान वाटप, ही दुसरी डोकेदुखी. 3 लाख आले, 12 जणींना 25-25 हजार, भांडण नको म्हणून. 25 हजारात म्हैस येत नाही, पिठाची गिरणी येत नाही, मग पैसे लग्नात नाहीतर मोबाईलमध्ये जातात आणि हप्ता मजुरीतून भरावा लागतो. भांडण आधीच करून घ्या की! कुणाला कशासाठी किती, कधी फेडणार, ते अर्ज करायच्या आधी बसून लिहा. यंदा चौघींना द्या, बाकीच्यांचा नंबर ठरवून ठेवा.

अध्यक्षबाईच्या घरी पासबुक आणि सही केलेले कोरे चेक, असं असेल तर आजच बंद करा.

नवऱ्याला बँकेत पाठवू नका.

सीसी खातं (कॅश क्रेडिट, ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसे काढायचे-भरायचे) मिळालं की एकदाच सगळे काढून बसू नका. महिन्यातून एकदा तरी भरणा झाला पाहिजे, तोही त्या महिन्याचं व्याज निघेल एवढा, आणि लिमिटच्या वर सलग 30 दिवसांहून जास्त राहिलात तर उमेदच्या गटाची व्याज सवलत हातची जाते.

आणि बँकेत कुणी काही सांगितलं की मान हलवून परत येऊ नका. 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण नाही, एफडी मागता येत नाही, बचत खात्यावर बोजा टाकता येत नाही. लोनसाठी गट सहा महिने चालू हवा, ते सहा महिने मोजायचे वह्यांप्रमाणे, खातं उघडल्यापासून नाही. एका बाईचा नवरा थकबाकीदार आहे म्हणून सगळ्या गटाला नाही म्हणता येत नाही, गट स्वतः थकीत नसला म्हणजे झालं, फक्त त्या बँकेचं थकवलेल्या बाईला या लोनमधून पैसे देऊ नका. हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. तरी नाहीच म्हणाले तर नकार लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, बँक सखीला (बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या ताईला) सोबत न्या आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या मॅनेजरकडं ती पोच जोडून अर्ज टाका.

तोवर घाई करून दारात आलेल्या मायक्रोफायनान्सवाल्याकडून तिसरं-चौथं लोन उचलू नका. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असा नियम 2022 पासून त्यांच्यावर आहे, पण तुम्ही आधीची कर्जं लपवलीत तर तो नियम तुमच्या काय कामाचा. सगळ्या घरचे हप्ते एका कागदावर लिहा आणि तो कागद गटाच्या बैठकीत दाखवा, लाजू नका, शेजारणीच्या कागदावरही तेच निघेल.